मोकळ्या दाढीचे ‘इतर’ कारण

प्रति,
मा. ओळखपत्र अधिकारी,
निवृत्त कर्मचारी कक्ष,
पाणीपुरवठा कार्यालय.

विषय : नमुना क्रमांक सात, रकाना ‘दाढीत बदल होण्याचे कारण’ कोरा ठेवल्याबाबत खुलासा.

संदर्भ : फाटकाबाहेर उघडणाऱ्या खिडकी क्रमांक चारवरील बाईंची तोंडी सूचना : ‘काका, इतर लिहा आणि वेगळा कागद जोडा.’

महोदय,

माणसाचा चेहरा ही विधात्याची सही असून तिच्यात खाडाखोड करण्याचा अधिकार पृथ्वीवरील कोणत्याही सत्तेला नाही. हे वाक्य मी आपल्या फाटकावरील पहारेकऱ्यास उभे राहून ऐकवले. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाला, “बरोबर आहे. पण कार्डावरचा माणूस कुठाय?”

सबब पुढील खुलासा सविनय सादर करीत आहे.

१. मी आपल्या कार्यालयात चौतीस वर्षे आरेखक होतो. शहराच्या पोटातले नळ कागदावर काढणे हे माझे काम. शीख असल्याने केस व दाढी कधी कापलेली नाही. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मी मोकळ्या दाढीने ओल्या शाईवर वाकलो आणि एक मुख्य जलवाहिनी वळण घेऊन थेट नगराध्यक्षांच्या दिवाणखान्यातून गेली. खोदाई सुरू होण्यापूर्वी चूक सापडली, हे दिवाणखान्याचे नशीब. मुख्य आरेखकांनी मला बोलावून, आवाज न चढवता, दाढीचे काहीतरी करा असे सुचवले. तेव्हापासून मी दाढी बांधू लागलो आणि नळ सरळ जाऊ लागले. ओळखपत्रावरील फोटो त्या बांधलेल्या दाढीचा आहे.

२. गेले अकरा महिने ती मोकळी आहे. कार्डावर माझा चेहरा हनुवटीशी संपतो. प्रत्यक्षात तो शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत जातो. जुना पहारेकरी मला चालीवरून ओळखत असे. नवा नियमावरून ओळखतो, म्हणजे ओळखत नाही. त्यामुळे आवारातील निवृत्तांच्या खोलीत मला प्रवेश बंद आहे. तेथे दर मंगळवारी मी एका निवृत्त पंपचालकांकडून, ज्यांना सगळे पंपवाले म्हणतात, बुद्धिबळात हरत असे. हरण्याचे दुःख नाही, कारण मी हरताना ते मला भरपूर बोलत. उरलेले सहा दिवस माझ्याशी आमच्या इमारतीतली लिफ्ट तेवढी बोलते, तीही मजल्याचा आकडा सांगून गप्प बसते. गेले सात मंगळवार मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसून परत गेलो आहे.

३. नमुना सातप्रमाणे, बांधलेली व मोकळी दाढी एकाच इसमाची असल्याचे, दोन्ही अवस्था पाहिलेल्या हयात साक्षीदाराने लिहून द्यावयाचे आहे. पंपवाल्यांना फाटकाशी गाठून विचारले. ते म्हणाले, “मी खेळताना पटाकडे बघतो, तुझ्या तोंडाकडे कशाला बघू?” दोन्ही अवस्था रोज पाहणारी व्यक्ती माझ्या माहितीत एकच होती. ‘हयात’ या शब्दाखाली आपल्या छापखान्याने रेघही मारलेली आहे. अखेर खिडकीवरच्या बाईंनी माझ्या धाकट्या भावाच्या सहीवर भागवून घेतले, त्याबद्दल त्यांचे आभार. आता अडचण फक्त कारणाची उरली. त्यासाठी तीन चौकोन आहेत : धार्मिक, वैद्यकीय, इतर.

४. धार्मिक : दाढी मोकळी दिसताच आमच्या गुरुद्वाऱ्यातल्या वृद्ध सुतारांनी मला मिठी मारली. ते जन्मभर दाढी मोकळी ठेवत आले. “उशिरा का होईना, शहाणा झालास,” ते म्हणाले. “जे मिळालंय ते जसं मिळालं तसं ठेवावं. दोऱ्यानं आवळून लपवायचं कुणापासून?” त्यांनी तसे पत्र देण्याचीही तयारी दाखवली. माझा भाऊ सैन्यात बिगूल वाजवत असे. तो दाढी अशी बांधतो की वाऱ्याला धरायला एक केस मिळू नये. तो म्हणाला, “एक तरी केस कापलाय का? मग झालं. बांधणं म्हणजे लपवणं नव्हे, घडी घालणं. घडी घातली म्हणून चादर आखूड होत नाही.” सुतार म्हणाले, घडी कपाटात ठेवायच्या वस्तूची घालतात. भावाने विचारले, करवत चालवताना तुम्ही दाढीचं काय करता? सुतार म्हणाले, “शर्टात खोचतो.” भाऊ म्हणाला, मग तेच तुमचं कपाट.

यावर दोघे खूप हसले आणि एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. हा वाद आमच्यात जुना आहे आणि मला विचाराल तर दोघांचेही खरे आहे. एकाच घराचा समोरून आणि बाजूने काढलेला नकाशा वेगळा दिसतो, म्हणून घरे दोन होत नाहीत. फक्त, एकाने माझे अभिनंदन केले, दुसऱ्याने मला ढिला म्हटले, आणि दाढी का सोडलीस हे दोघांपैकी कोणीच विचारले नाही. सुतारांची श्रद्धा खरी आहे. ‘धार्मिक’वर खूण करणे म्हणजे दुसऱ्याच्या नकाशावर आपली सही ठोकणे होईल. चौतीस वर्षांत मी ते केलेले नाही.

५. वैद्यकीय : नऊ वर्षांपासून उजवा खांदा आखडल्याने माझा हात कानाच्या वर जात नाही. त्यामुळे दाढी अर्जदाराची पत्नी बांधत असे. कृती अशी. ओली दाढी विंचरून हनुवटीखाली गुंडाळायची, तिच्यावरून दोरा घेऊन कानांमागून माथ्यावर न्यायचा. येथे तिचे दोन्ही हात संपत. मग ती म्हणे, “अहो, बोट ठेवा.” मी डाव्या हाताचे बोट अर्ध्या गाठीवर ठेवी, ती पुरी गाठ मारी, आणि बोट वेळेत काढले नाही तर तेही बांधले जाई. त्यावर जबडा आवळून एक कापडी पट्टी. आम्ही तिला ठाठा म्हणतो. केस बसेपर्यंत पंधरा मिनिटे ती सोडायची नाही आणि तोवर तोंड उघडायचे नाही.

खिडकीवरच्या बाईंनी सुचवले की खांदा आहे ना, मग वैद्यकीय लिहून मोकळे व्हा. परंतु मागील महिन्यात मी दोऱ्याचे एक टोक खिडकीच्या कडीला बांधले, स्वतःभोवती दीड गिरकी घेतली, आणि चौथ्या प्रयत्नात दाढी अशी बसवली की मुख्य आरेखकांनी पाठ थोपटली असती. तेव्हा खांद्याचे कारण टिकत नाही.

६. इतर : त्या दिवशी पट्टी बांधून मी नेहमीच्या स्टुलावर बसलो. पट्टीची पंधरा मिनिटे आमच्या घरात पत्नीची असत. एरवी घरात बोलणारा मीच. तिची पाळी येई ती माझे तोंड बांधल्यावर. मोरीचा नळ गळतो आणि म्हणे नवरा पाणीपुरवठ्यात. लेकीचा फोन आला नाही, आला तर तुम्हीच उचलता आणि हवापाण्याचं विचारून ठेवून देता. माझ्या आईला तुम्ही बावीस वर्षांपूर्वी काय बोललात ते मी विसरलेले नाही. मला फक्त ‘हं’ आणि ‘अंहं’ एवढाच खुलासा करण्याची मुभा असे. पट्टी सुटली की मी मुद्देसूद उत्तर द्यायला तोंड उघडी, तोवर ती स्वयंपाकघरात गेलेली असे.

त्या दिवशीही मी नियमाप्रमाणे पंधरा मिनिटे बसलो. समोर घड्याळ ठेवले होते. मोरीचा नळ गळत होता. मध्येच एकदा मी ‘हं’ म्हणालो. मग पट्टी सोडली, दोराही सोडला, आणि नंतर बांधली नाही.

हे कारण ‘इतर’ या शब्दापुढे सोडलेल्या चार बोटांच्या जागेत मावत नाही, म्हणून हा कागद जोडला.

७. एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. मागील मंगळवारी खिडकी चारवर माझी फाइल बांधताना बाई मान खाली घालून बोलत होत्या. सासूबाईंचा चष्मा पुन्हा हरवला. सापडला तो फ्रिजमध्ये. डोक्यावरचा पंखा तीन महिने बंद, अर्ज दिलाय, पण काका, इथे अर्जाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी काही उत्तर द्यावे अशी त्यांची अपेक्षा नव्हती. मी ‘हं’ म्हणत होतो. शेवटी फीत दोन्ही हातांनी ओढून धरत, वर न बघता त्या म्हणाल्या, “काका, जरा बोट ठेवा.”

मी ठेवले.

८. तरी मे. साहेबांनी नवे कार्ड द्यावे की देऊ नये, ते कार्यालयाच्या सोयीने व नियमाने ठरवावे. पहारेकऱ्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याला कार्डावरचा माणूस सापडत नाही, तो मलाही सापडत नाही. विधात्याच्या सहीबाबतचे माझे विधान मी मागे घेतो. विनंती एवढीच की, निर्णय काहीही झाला तरी शेवटी फाइल बांधायची वेळ येईल, तेव्हा मला आत बोलवावे. मंगळवारी अकरापर्यंत मी बाकावर असतो.

आपला नम्र व तूर्त फाटकाबाहेरील,

(सही)
निवृत्त आरेखक
दिनांक : आठवा मंगळवार

सोबत :
१) जुने ओळखपत्र.
२) मोकळ्या दाढीचे फोटो, तीन. (तिसरे बटण दिसते.)
३) भावाची साक्ष. तीत ‘ढिला’ हा शब्द त्याने स्वतः घातला आहे.
४) दाढी बांधायचा काळा दोरा, एक. कार्यालयातील फीत संपली असल्यास वापरावा.