दर्शनी भिंत

प्रिय धाकट्या,

प्रिय म्हणायची सवय आहे म्हणून हात तसा वळला. फार हुरळून जाऊ नकोस. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून लिहितेय. पत्र मध्येच कापता येत नाही.

नव्या घराचं तू पाठवलेलं चित्र पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चित्राखाली आणखी विचारतोस, कसं वाटलं, ताई? काय वाटणार, कपाळ! खिडकीत कोण कुठली बाई कप घेऊन उभी केलीये. आपल्या घरात राहायला तुला चित्रातसुद्धा आपलं माणूस सापडलं नाही? आणि तो राखेसारखा रंग. गल्लीत उठली ती प्रत्येक इमारत त्याच रंगाची. त्यातल्या तीन घरांचे पडदे मीच शिवलेत, म्हणून सांगते, जमिनीपासून छतापर्यंत काच लावतात आणि मग दिवसभर पडदा ओढून बसतात. माप घ्यायला गेले की मला बूट-चपला ठेवायच्या फडताळापाशी उभं करतात आणि म्हणतात, तुमची गल्ली किती छान आहे हो, अगदी जुनी. जुनी ठेवलीत कुठे, असं अगदी ओठांवर येतं. पण मशीन माझ्याच पायाने चालायची असते, म्हणून गिळते.

असो. बाबांचं सांगते. दिसेनासं झाल्यापासून आपल्या घरात ते काठीशिवाय फिरायचे, हे तुला आठवतं ना? चहाचा कप स्वतः विसळून पालथा घालायचे. इथे भाड्याच्या जागेत, पाचव्या मजल्यावर, ते खुर्चीत बसून असतात. बाथरूमला जायचं तरी मला हाक मारतात, आणि हाक मारताना त्यांचा आवाज इतका ओशाळतो की माझंच काळीज तुटतं. तक्रार नाही. छपराची डागडुजी झाली की जायचंच आहे परत, म्हणतात. छपराची डागडुजी! केवढ्या सफाईने शेंडी लावलीस रे. त्यांचं बोट धरून कागदावर ठेवलंस आणि त्यांनी तिथे सही केली. मलाही तू तेच सांगितलं होतंस. खरं काय ते मला कळलं आपला जिना ट्रकमध्ये आडवा पडलेला पाहिला तेव्हा. तू मात्र तेव्हा गावाला गेला होतास, नेमका.

रोज सकाळी त्यांना मी गल्लीत घेऊन जाते. मी नाही नेलं तर ते एकटे निघतील. घरासमोर आलं की ते काठी माझ्याकडे देतात आणि दोन्ही हात भिंतीवर ठेवतात. जन्मभर घरं रंगवलेला माणूस, हात कसा फिरवायचा हे शिकवावं लागत नाही. खिडकीखाली पोपडे आलेत, आधी खरवडा, मग अस्तर द्या, असं सुपरवायझरला बजावतात. तो बिचारा हो बाबा, करतो म्हणतो आणि माझ्याकडे बघायचं टाळतो. समोरचा न्हावी दुकानातून ओरडतो, काम जोरात आहे हां, बाबा! सगळी गल्ली तुझ्या थापेला टेकू देतेय.

कारण घराची उभी आहे ती तेवढी एक भिंतच. जुन्या वस्तीत रस्त्याकडची भिंत पाडायची नाही, असा नियम, म्हणून तुम्ही ती भिंत आणि दार ठेवलंत, मागून लोखंडी टेकू दिलेत आणि बाकी सगळं खणून काढलंत. वारसा जपला म्हणून पाटीही लावलीये. नाकाने कांदे सोलायला तुमच्याकडून शिकावं. परवा बाबा म्हणाले, खिडक्या उघड्या ठेवल्यात वाटतं, आतून छान वारा येतोय. दाराच्या मागे मोठा खड्डा आहे, धाकट्या. त्यात पाणी साचलंय.

काल त्यांनी खिशातून किल्ली काढली. आत जाऊन जरा टेकतो म्हणाले. मी काही बोलायच्या आत कुलपात घालून फिरवलीही, दाराला हात लावला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, बाबा, फरशी ओली आहे, कालच बसवलीये. त्यांनी चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला. दुसऱ्याचं ओलं काम ते कसं तुडवतील? सुपरवायझरची माफी मागितली रे त्यांनी! म्हणाले, चुकलं, आधी विचारायला हवं होतं. तो पोरगेला माणूस तोंड फिरवून उभा राहिला. मला भर गल्लीत तुझ्या नावाने बोंब ठोकावीशी वाटली.

ओली फरशी किती दिवसांत सुकते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रविवारी आत जाणार, असं त्यांनी ठरवून टाकलंय. धुतलेला सदरा काढून ठेवायला सांगितलाय. म्हणून हे पत्र. शनिवारी ये. त्यांच्याजवळ बस, त्यांचा हात हातात घे आणि घर पाडलं, हे तुझ्या तोंडाने सांग. मी सांगणार नाही. आला नाहीस तर रविवारी त्या दारात उभी राहून तुला फोन लावीन आणि तो त्यांच्या कानाला लावीन. मग आत काय आहे ते तू तिकडून सांग. आता हे लिहितेय तर त्यांनी विचारलं, कुणाला लिहितेस. तुलाच, म्हटलं. तर म्हणाले, त्याला कळव, काम झकास चाललंय, पोराने उगाच जिवाला घोर लावून घेऊ नये.

अजून तरी तुझीच,
ताई