दोघांचं पुस्तक, अर्धं अर्धं

बाई, नववीत मी शाळा सोडताना तुम्ही दिलेल्या जादूच्या राज्याच्या कादंबरीचा दुसरा भाग आला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. वाईच्या शाळेत मला उभं करून तुम्ही म्हणायचात, "अरे, हळू वाच. तुझी एसटी सुटतेय का?" या भागात घाई करून काही उपयोगच नाही. पहिली पाच पानं एक मुलगी घरातून निघायची नुसती तयारी करते, पुढची पाच एक मुलगा करतो. एक प्रकरण तिचं, एक त्याचं, अशी चारशे बारा पानं. नदीपर्यंत पोचायलाच तीनशे लागतात.

मी आता कुपवाडला एका फाउंड्रीत तयार माल मोजून तपासतो. माप केसभर चुकलं तरी मला घास गिळवत नाही. आमच्याकडे भट्टी एकटी सोडत नाहीत, म्हणून तिथले दोघं पाळीपाळीने जेवतात. आधी जतकडचे तात्या, मग फौजेतून निवृत्त झालेले काका. माझ्या हातात पुस्तक बघून तात्या म्हणाले, "मोठ्यानं वाच की रं." मी एक प्रकरण वाचलं. मग काका आले, त्यांनाही ऐकायचं होतं. मी नियमाने पुढचं प्रकरण वाचलं. असं रोज चाललं. तात्यांना फक्त मुलगी माहीत आहे आणि काकांना फक्त मुलगा, हे माझ्या लक्षात यायला महिना गेला. त्यात तिच्या प्रकरणांत तो चोर, आणि त्याच्या प्रकरणांत ती गर्विष्ठ!

"लय नीच पोरगं हाय त्ये," तात्या म्हणाले.

"आवं, तुमच्या पोरीनं त्येला उपाशी ठेवलं, त्ये सांगा की!"

"पुस्तकात तसं न्हाईच."

"माझ्या पुस्तकात हाय!"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. शिव्या बसतील म्हणून गप्प बसलो. मग दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. वितळलेलं लोखंड ओतायची बादली दोघांनी दोन टोकांना दांडा धरून न्यायची असते. थांबायचं तर हाक द्यावी लागते. एके दिवशी तात्या न बोलताच थांबले. लोखंड उसळून काकांच्या बुटापासून वीतभर अंतरावर पडलं. बाई, तेव्हाच ठरवलं, आता कबूल करायचं.

भट्टीचं अस्तर बदलायचं होतं तेव्हा ती थंड होती, म्हणून दोघं एका वेळी जेवायला बसले, पाठीला पाठ लावून. मी हात जोडून सगळं कबूल केलं. कोणी वळलं नाही. मग शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. मुलगी आणि मुलगा पहिल्यांदाच समोरासमोर येतात. दोघं काठावर बसतात, पाण्याकडे बघतात. मग एकदमच म्हणतात, "चूक माझी."

दोघंही माझ्याकडे वळले. "ह्ये म्हनायला चारशे पानं?" तात्या उखडले. काका म्हणाले, "लिवनाऱ्याला उन्हात परेडला उभा करा!" आणि दोघं मिळून त्या लेखकाला डबा संपेपर्यंत शिव्या देत होते. भट्टी पेटली तेव्हा काकांची हाक ऐकली, "तात्या, उचला," आणि तात्यांचं "व्हय."

बाई, पुस्तकात ते दोघं नुसते पाण्याकडे बघत बसतात आणि भाग संपतो. पुढचं मी तिथंच रचलं, आणि वाचतोय असं वाटावं म्हणून मागच्या कोऱ्या पानावरून बोट फिरवत राहिलो.