जमिनीला कान लावण्याचे परिणाम

आर्णी, दि. ९ मे १९६३

प्रिय मैत्रीण सौ. कोकिळा हिला अकीलाचा सलाम आणि नमस्कार (जवळचा वाटेल तो घे).

येथे सर्व खुशाल, अब्बांचा खोकला सोडून. रत्नागिरीची हवा तुला मानवली असेल. सासूबाईही मानवल्या असाव्यात.

तू समुद्राकाठी राहतेस, म्हणून हे तुलाच लिहिणे योग्य. वाचनालयातल्या मासिकात वाचले की, शास्त्रज्ञ भर समुद्रात एका जहाजावरून स्फोट करतात आणि दूरच्या दुसऱ्या जहाजावरून त्याचा नाद टिपतात. तळाखालच्या खडकांतून तो किती वेगाने आला, यावरून पृथ्वीचे कवच तेथे किती जाड आहे हे समजते. आर्णीत जहाज मिळेना. परंतु अब्बा विहिरींसाठी सुरुंग उडवतात, म्हणजे अर्धा प्रयोग घरातच होता. (उरलेला अर्धा, म्हणजे ऐकणारे माणूस, लग्न होऊन रत्नागिरीला गेले.) तेव्हा सदाशिवरावांच्या वावरात सुरुंग उडण्याच्या वेळी मीच दूरच्या धुऱ्यावर (तुमच्या कोकणात बांध म्हणत असतील) पालथी पडून जमिनीला कान लावला. कोकिळा, हवेतला धमाका पोहोचण्यापूर्वीच जमिनीतून ठोका आला! आनंदाच्या भरात मी मागे वळून "ऐकलंस?" असे विचारले. मागे गुराखी उकंडा उभा होता.

त्याने गावभर केले, "सुरुंगवाल्याच्या पोरीले जमिनीतलं पानी आयकू येते!" सदाशिवराव नारळ घेऊन हजर. "माय, त्या विहिरीत निरा खडक लागला. दुसरी जागा दाखव." त्यांनी मला अब्बांसह वावरात नेले. परक्या माणसांसमोर माझी वाचा जाते, हे तू जाणतेस (मी शाळेत पहिली आले तेव्हा आभाराचे भाषणही तूच केलेस). मी लाजून खाली पाहिले. जेथे पाहिले तेथे त्यांनी खुंटी ठोकली. आता तेथे खोदकाम चालू आहे, दारात बाभुळगावपर्यंतचे शेतकरी येतात आणि अब्बा खूश. "अब नागपूर कायको? जागा तू दिखा, सुरुंग मैं लगाता. कॉलेज में क्या रखा है?" विज्ञान महाविद्यालयातला माझा प्रवेश असा पाण्यात गेला, आणि पाणी तर अजून दिसलेलेही नाही.

वडिलांना दंडवत, लहानांना पापा.

तुझी,
अकीला

ता. क. : खरे काम हे. अब्बा तुझ्या यजमानांचा शब्द मोडत नाहीत. मुलीला नागपूरला धाडाच, असे त्यांनी दोन ओळींत लिहावे.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच सदाशिवराव आले. खुंटीखालीही काळा पाषाणच. "इले काहीच आयकू येत नाही," असे ते चौकात सांगत आहेत, आणि अब्बांनी शरमेने माझी ट्रंक स्वतः खाली काढली आहे. तेव्हा यजमानांना तसदी नको. तू मात्र लिही. नागपुरात शेजारच्या मुलीशी पहिला शब्द बोलेपर्यंत मला दिवाळी उजाडेल.