मियोकोच्या पिशवीतली शेंगदाण्यांची पुडी

ती. ताईस, धाकट्या तोकुजीचा वाकून नमस्कार.

तुमच्या डोंगरात एव्हाना पहिलं हिव पडलं असेल आणि तू पर्सिमनची फळं सोलून पडवीत दोरीला वाळत टांगायला घेतली असतील. कंबर कशी आहे? शिडीवर चढू नकोस असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते तू शिडीवर चढूनच वाचलं असणार. तू पाठवलेली पेटी पोचली. फळं उत्तम होती. (तळातली तीन नासली होती, पण ते कळवू नका असं तुझ्या भावजयीने, मियोकोने, बजावलं आहे, म्हणून कळवत नाही.) मी ठीक आहे. गुडघा आहे तसा आहे. मियोकोची प्रकृती माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि ती इतकी चांगली कशामुळे झाली हे सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो आहे.

मार्चमध्ये आपलं 'त्सुबाकी' बंद केलं ते तुला ठाऊकच आहे. एकेचाळीस वर्षं लोकांना कॉफी पाजली, शेवटी गुडघ्याने राजीनामा दिला, त्याला मी काय करणार. लाल मखमलीच्या चार खुर्च्या आणि दारावरची पितळी घंटा तू आठवण म्हणून घेऊन गेलीस, बाकीचं भंगारवाल्याने नेलं. तेव्हापासून मी घराबाहेर फारसा पडलो नाही. लोक विचारतात, "मालक, आता दिवसभर काय करता?" आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून लोकांनाच टाळलेलं बरं. पहाटे सवयीने जाग येते, मी इस्त्रीचा सदरा चढवतो, बटणं लावतो, आणि मग आठवतं की आज कुणीच येणार नाही. हे मी मियोकोला कधी बोललो नाही. तुला लिहितो, कारण तू लांब आहेस.

त्यातच रेल्वे फाटकापलीकडे गावोगाव शाखा असलेल्या त्या चेनवाल्यांनी कॉफीचं दुकान काढलं. (नाव लिहीत नाही. फुकटची जाहिरात मी कुणाची करत नाही.) दुकान नवं कोरं, पण सोंग असं की जणू आपल्या तरुणपणापासून तिथेच उभं आहे. लाल मखमल, पिवळे दिवे, लाकडी तुळया. तुळयांवरचे ओरखडेसुद्धा कारखान्यातच पाडून आणलेले. ताई, आपल्या खुर्च्यांना जुनं व्हायला अख्खं आयुष्य लागलं, यांनी ते आठवडाभरात उरकलं. त्याच सुमारास मियोकोने मला सांगितलं की वॉर्डाच्या सभागृहात म्हाताऱ्यांसाठी सकाळचा व्यायामवर्ग निघाला आहे, आणि ती रोज पिशवी घेऊन जायला लागली. परत यायची ती गालावर लाली आणि ओठांवर गुणगुण घेऊन. न्याहारीला मात्र भूक नाही म्हणायची. व्यायामाने भूक वाढते असं मी ऐकलं होतं, पण म्हटलं, असेल बुवा काही नवीन पद्धत. मग गेल्या मंगळवारी तिच्या पिशवीतून टॉवेल काढताना शेंगदाण्यांची एक पुडी खाली पडली. कॉफीच्या बशीत ठेवतात तसली, छोटीशी. (आपण ठेवायचो त्या पुडीत दाणे जास्त असायचे. मी फोडून पाहिली.) व्यायामाच्या वर्गात असली पुडी देत नाहीत, हे नागोयातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

बुधवारी मी तिच्या मागोमाग निघालो. तोंडावर मास्क, डोक्यावर गळ टाकायला जाताना घालतो ती टोपी, ओळखणं अशक्य. (वाटेत तिघांनी "काय मालक, बऱ्याच दिवसांनी" म्हणून वाकून नमस्कार केला, यावरून वेषांतर कसं जमलं होतं ते समज.) मियोको सभागृहावरून सरळ पुढे गेली, फाटक ओलांडलं आणि त्या दुकानात शिरली. तिथे तिची वाट बघत कोण बसलं असेल? आपला हिराबायाशी न्हावी आणि पियानो शिकवणाऱ्या ओकुमुराबाई. दोघंही माझी रोजची गिऱ्हाइकं. 'त्सुबाकी'चं शटर पडलं त्या दिवशी हा हिराबायाशी रस्त्यात उभा राहून रडला होता, आणि आता इथे बसून टोस्टवर लाल चवळीचं गोड पुरण थापत होता, तेसुद्धा दोन्ही बाजूंनी.

बाकांच्या पाठी तिथे उंच असतात, म्हणून मी बरोबर त्यांच्या मागच्या बाकावर दबून बसलो. सकाळच्या वेळी कॉफीबरोबर टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट येतंच, पण नुसत्या कॉफीवर बसलो तर कंजूष दिसेन, म्हणून फोटोतलं सगळ्यात लहान सँडविच मागवलं. ताई, फोटोत मोठं दाखवायचं आणि ताटलीत लहान वाढायचं ही जगाची रीत. हे लोक उलटे लबाड आहेत. ते सँडविच उशीएवढं निघालं. अन्न टाकायचं नाही हा आईचा दंडक, तेव्हा हेरगिरी करावी की जेवावं अशी पंचाईत झाली. मी दोन्ही केलं. कॉफी गरम होती. तिच्याबद्दल यापलीकडे मला काही बोलायचं नाही.

"वहिनी, मालकांना आणा की एकदा," हिराबायाशी म्हणत होता. "नवऱ्याला घरी डांबून स्वतः चैन करता होय?"

"ते यायचे नाहीत," मियोको म्हणाली. "या दुकानाचा विषय निघाला तरी पेपर झटकतात."

"पण तुम्ही येता ते तरी सांगितलंत का?"

"कसं सांगू? आपलं बंद पडलं आणि ही दुसऱ्याच्यात जाऊन बसली, असं वाटेल त्यांना. आधीच बोलत नाहीत. सकाळी सदरा घालून दाराकडे बघत बसतात, मला दिसत नाही का? आणि इथल्या कॉफीत दम नाही हो, यांच्या हातची सर कुठली. पण जन्मभर मी कप नेऊन ठेवले. मी बसलेय आणि कुणीतरी माझ्यापुढे कप आणून ठेवतंय, एवढंच बघायला आले होते एक दिवस. मग रोजच यावंसं वाटायला लागलं."

"त्या पहिल्या दिवशी आमचे सगळ्यांचे कप गोळा करून ही आत धुवायला निघाली होती," ओकुमुराबाई म्हणाल्या. "इथल्या वाढणाऱ्या पोरीने आडवा हात लावला म्हणून, नाहीतर त्या पोरीची नोकरीच गेली असती."

तिघंही हसली. मला हसू आलं नाही. मी हातातलं सँडविच ताटलीत खाली ठेवलं. मी सदरा घालून बसतो हे तिला दिसत होतं, आणि मला वाटत होतं की मी किती बेमालूम लपवतो. आणि आपल्या दुकानातल्या त्या लाल खुर्च्या, ताई, त्यावर गावातलं कोण बसलं नाही? फक्त मियोको कधी बसली नाही. तिला बसू नकोस असं कुणी म्हटलं नव्हतं, बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते सँडविचमधल्या मोहरीमुळे असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

आता गुपचूप सटकावं या विचारात होतो, एवढ्यात दारावरची घंटा वाजली. (घंटाही जुनी वाटावी अशी नवी.) माझा हा गुडघा, जो डॉक्टरांनी सांगूनही हलत नाही, तो ताडकन सरळ झाला. मी उभा राहिलो, दाराकडे हात केला आणि पोटातून आवाज काढून म्हणालो, "या, या, बसा!" आत येणारी दोन माणसं मी हात केला तिथे निमूट जाऊन बसली. मग पुढचंही माझ्या हातून घडून गेलं, मी पाण्याचा पेला उचलला आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. (पेला माझा होता, उष्टा. नंतर माफी मागितली.) मॅनेजर धावत आला. त्याला वाटलं, मुख्य कचेरीतून कुणी साहेब वेष पालटून तपासणीला आला आहे. तो मला वाकतोय, मी त्याला वाकतोय, कुणीच आधी थांबेना.

"आमचे हे," मियोको मान न वळवता त्याला म्हणाली.

मग तिने शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. ओकुमुराबाईंनी मोठा श्वास सोडला. "सुटलो एकदाचे," त्या मला म्हणाल्या. "मालक, ही रोज ती पिशवी ठेवून जागा अडवते. दुकान भरलेलं असो, दारात माणसं ताटकळत असोत, ढिम्म हलत नाही. विचारलं तर म्हणते, पिशवी जड आहे." त्या पिशवीत एक टॉवेल असतो, ताई.

मी त्या जागेवर बसलो. हिराबायाशी माझ्याकडे बघत पुरण लागलेली बोटं पुसत राहिला. मियोकोने माझं अंडं सोललं, मीठ लावलं आणि पुढे ठेवलं. मग माझ्या उरलेल्या सँडविचचं अर्धं तिने खाल्लं. कॉफीच्या दुकानात आम्ही दोघं एकाच बाजूला बसलोय असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. बरं वाटत होतं.

तर असा सगळा तमाशा झाला. त्या दुकानात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही, हे तुला लिहून देतो. कंबर शेकत जा आणि ती शिडी शेजाऱ्यांना देऊन टाक.

तुझा धाकटा,
तोकुजी

ता. क. सकाळी न्याहारीच्या वेळेला फोन करू नकोस. आम्ही घरी नसतो. पाव जाड कापतात की पातळ, यावर कुणीतरी जाणत्या माणसाने लक्ष ठेवायला हवं.

ता. क. दुसरा. मूळ काम राहूनच गेलं. कॉफी करायचा काचेचा सायफन मी भंगारवाल्याला दिला नव्हता, तो बुटांच्या कपाटात दडवून ठेवला आहे. तू नेलेल्या चार खुर्च्यांपैकी एक आणि ती पितळी घंटा तेवढी परत पाठवशील का? खुर्ची ओट्याजवळ मांडीन आणि घंटा स्वयंपाकघराच्या दाराला लावीन. रविवारी सकाळी मियोको आत आली की घंटा वाजेल, ती बसेल आणि मी कप आणून ठेवीन. तिला एवढ्यात काही बोलू नकोस.

वन्सं, नमस्कार. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. पर्सिमन सगळी चांगली होती, यांचं ऐकू नका. घंटा तुमच्याकडेच राहू द्या. ती वाजली की हे उठून उभे राहतील. खुर्ची मात्र एक नको, दोन पाठवा.

मियोको