कालची अंबाडी

माय, काल सकाळी तुझ्या नातीला दवाखान्यात इडली खाऊ घातली आणि दुपारपर्यंत तिच्या पोटाचे फोटो काढले. तू हे ऐकून हसली असतीस. मला मात्र संशय आला. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, दूधवाला माप ओततो तेव्हा अजूनही मी वाकून पाहते. इडलीत म्हणे किरणांचं औषध कालवलेलं असतं, म्हणून ती पोटात कुठवर पोचली ते कॅमेऱ्याला दिसतं. मी प्रत्येक फोटोवरचं नाव आणि वेळ स्वतः वाचून घेतली. दुसऱ्याच कुणाचं पोट आमच्या गळ्यात मारलं तर?

पोरगी नांदगाव पेठेत कपड्याच्या कारखान्यात शिलाईवर आहे. दोन वर्षांपासून तिचं पोट टम्म फुगतं, दोन घासांत भरतं, चार-चार दिवस साफ होत नाही आणि मग उलट्या सुरू होतात. दोनदा दुर्बीण घातली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी तर सांगितलं, टेन्शन आहे, लग्न करून द्या. मला ते पटलं, याची आता लाज वाटते. मग मी ठरवूनच टाकलं की ही खोटं बोलते. बाहेर चटरमटर खात असेल, नाहीतर बारीक व्हायला मुद्दाम उलट्या काढत असेल, आणि तिसरा संशय तर तुलाही लिहवत नाही. ती आंघोळीला गेली की मी तिचा डबा हुंगायचे, पर्स चाचपायचे. एकदा तिनं पकडलंच. "आई, माही पर्स कावून उचकून राहिली तू?" मी म्हटलं, सेफ्टी पिन पाहून राहिली. तेव्हापासून ती माझ्यासमोर जेवत नाही.

या नव्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, म्हणून त्यांच्यावरही माझा भरवसा नव्हता. त्या म्हणाल्या, दुर्बिणीला रस्ता दिसतो, पण खाल्लेलं त्या रस्त्यानं पुढे सरकतं की नाही ते तिला कळत नाही. मग पोरीला विचारलं, "उलटीत आदल्या दिवशीचं जेवण पडतं का?" पोरीनं माझ्याकडे न बघता होकाराची मान हलवली. मला एकदम तू आठवलीस.

बार्शीटाकळीचं आपलं घर, मागे झेंडूचा मळा. मी नऊ वर्षांची असेन. एकादशीची संध्याकाळ आहे आणि तू न्हाणीपाशी वाकून ओकते आहेस. पायाशी हिरवी अंबाडी पडली आहे, अगदी ओळखू येते. बाबांची थोरली बहीण, आपली आत्या, कमरेवर हात ठेवून उभी. "उपासाच्या दिवशी अंबाडी खाल्ली काय वं?" तू तोंड पुसत म्हणतेस, "म्या काईच नाई खाल्लं बाई. कालचंच हाय ते." आत्या हसते, दारातले बाबाही हसतात. "कालचं अन्न आजपर्यंत पोटात राह्यते काय?" मग कधी नव्हे ते आत्या मला जवळ ओढून विचारते, "पोरी, तुया मायले चोरून खाताना तू पायलं काय?" मी म्हणते, "हो, म्या पायलं."

त्या दिवसापासून तुझ्या हातचा नैवेद्य बंद झाला. एकादशीला आत्या तुझ्या मागे-मागे फिरायची, अगदी मळ्यातसुद्धा. पोट दुखतं असं म्हणणंच तू सोडून दिलंस. पोटावर पदर आवळून बांधायचीस आणि फुलं तोडायला बसायचीस. शेवटी शेवटी तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, तरी कुणी तुला अकोल्याला दाखवलं नाही. मला तू त्याबद्दल कधी एक शब्दही विचारला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी माझी वेणी घातलीस. मला वाटायचं, चोरी पकडली गेली म्हणून तू गप्प आहेस. मी बरीच वर्षं तसं धरून चालले, कारण ते सोयीचं होतं.

काल चौथ्या तासाच्या फोटोतही इडली जिथल्या तिथे होती. पोरगी रडली. मला वाटलं घाबरली, तर म्हणाली, "आता तरी पटलं ना तुले?" मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, एवढंच. आता आत बारीक कडी भरलेली गोळी गिळायला देऊन, ती कडी कुठवर सरकली ते एक्स-रेत बघून आतड्याची चाल पाहायची आहे. फाईल भरताना बाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का? नीट आठवून सांगा, उपचाराला उपयोग होतो. मी म्हटलं, नाही. तुझं नाव घेतलं असतं तर पोरीनं पुढचं विचारलं असतं. सोमवारी परत बोलावलं आहे, तेव्हा सांगावंच लागेल.

हा कागद फाईलमध्ये ठेवणार नाही, फाईल पोरगी उघडते. तिला सांगण्याआधी तुला सांगते. त्या एकादशीला सकाळी अंबाडीचं पातेलं मीच घासलं होतं. भाजी आदल्या रात्रीच संपली होती. घरात तुला चोरून खायला अंबाडी नव्हतीच, माय, आणि "म्या पायलं" म्हणताना मला ते माहीत होतं.