दुरून येणारा ताल

सर, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. परवा तुमचा आवाज ऐकला.

सांगलीच्या नाटकांना तुम्ही चाली लावायचात आणि माझे वडील ढोलकी धरायचे. माधवनगरच्या गिरणीतली पाळी संपली की सायकलवर मला पुढं बसवून ते तालमीला येत. तुम्ही, गाणारे, पेटीवाले आत बैठकीवर. वडील बाहेर ओसरीवर. आई विचारायची, "आवं, थंडीचं भाईर का बसता?" वडील कौतुकानं सांगायचे, "आतनं ढोलकी लय घुमतीया. लांबनं ताल ग्वाड लागतो, सर म्हनले." पुढं मी तत्त्वज्ञान शिकले, तुमचाच विषय, आणि प्रबंधासाठी तुमच्याकडं आले. तेव्हा तुम्हीही तेच सांगितलंत, शांतपणे, डोळे मिटून: ताल दुरून आला की सूर मोकळा होतो. त्या एका वाक्यावर मी अख्खं प्रकरण उभं केलं. कलेला अंतर लागतं, हे साताऱ्याच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

तुमच्यावर पुस्तक निघतंय. प्रस्तावनेसाठी तुमच्या मुलीनं तालमीची एक जुनी कॅसेट दिली. चाल सुरू होते, मध्येच थांबते; बाहेर ढोलकी चालूच. कुणीतरी विचारतं, "गारठा आहे, ढोलकीवाल्याला आत घेऊ का?" आणि तुम्ही म्हणता, "नको. त्याची जात बैठकीवर आली की सूर बाटतो." कुणी हसतं. मग तुम्ही: "विचारलंच तर सांगा, लांबून ताल गोड लागतो."

सर, मी कॅसेट मागं नेऊन पुन्हा ऐकली. दार बंद होतं, वडील वाजवत होते, त्यांना हे ऐकू गेलं नसणार. की गेलं होतं? आता दोघांपैकी कुणालाच विचारता येत नाही. मी ज्याला विचार समजले, ती तुमची सबब होती. आणि ती मी माझ्याच बापाच्या मुलुखातल्या पोरांना शिकवली.

तुमच्या मुलीला फोन केला. "ताई, कॅसेट ऐकलीत का?"

"नाही हो, वाजवायला काही नाही घरात. बाबांचा आवाज छान आलाय?"

"छान आलाय," म्हणाले. प्रस्तावना जमणार नाही, एवढंच सांगितलं.

हे पत्र कुठं टाकणार? लिहून घडी घातलीय. एक मात्र कबूल करते. आज सकाळी चहा गाळताना मी गुणगुणत होते. ध्यानात आलं, चाल तुमचीच होती. थांबायला हवं होतं. कडवं पुरं केलं.