विश्रांतीधामचा मेयर

१४ नोव्हेंबर २०११, सकाळी ७
फोनवर नवीन ॲप घेतलं. जिथे जाऊ तिथे चेक-इन करायचं. जो जास्त वेळा जाईल तो त्या जागेचा मेयर! सुशांत ऑफिसच्या कॅन्टीनचा मेयर झालाय आणि मिरवतोय. आठवड्यात त्याला मागे टाकणार.

उद्यापासून तीन दिवस रजा आहे. सासूबाई सीरियस आहेत असं साहेबांना सांगितलंय. खरं तर मोतीबिंदू. पण डोळा हाही अवयवच ना. सध्या त्या आमच्याकडेच आहेत, काळा चष्मा लावून.

सकाळी ९
घराबाहेर चेक-इन केलं म्हणजे चोरांना आयतं आमंत्रण. म्हणून बाहेरून कुलूप लावून निघालो. बायकोचे, सुनीताचे, अकरा फोन. ती आणि सासूबाई आत होत्या.

१५ नोव्हेंबर
तळ्यामागच्या रस्त्याला, उंच भिंतीपाशी 'विश्रांतीधाम' दिसलं. रिसॉर्ट असावा. पनवेलमध्ये नवीन असल्याने मला ठाऊक नव्हता. स्पर्धा नाही! दोनदा चेक-इन. ॲप म्हणालं, काशिरामही इथेच आहे. मागे पाहिलं, कुणी नाही. पुढेही नाही. पळत घरी. घाबरलो वगैरे नाही, व्यायाम.

१६ नोव्हेंबर, सकाळी ८
पुन्हा विश्रांतीधामला चेक-इन आणि मेयर झालो!! ऑफिसात सगळ्यांना दिसलं असणार. अभिनंदन एकाचंही नाही. सुशांतचा मेसेज फक्त 'धीर धर'. जळतात लेकाचे.

सकाळी ११
भिंतीसमोरच्या चहावाल्याला विचारलं, आत रूमचं भाडं काय? तो म्हणाला, साहेब, स्मशान हाय ते. चहा पँटवर. काशिराम म्हणजे आत लाकडं देणारा. भिंतीवरून त्याने हात केला. मी नाही केला.

दोन दिवस तिथून येऊन तसाच स्वयंपाकघरात शिरत होतो! तीनदा डोक्यावरून अंघोळ केली. सुनीता म्हणाली, बरं वाटत नाहीये का? मी चौथी बादली भरायला लावली.

१७ नोव्हेंबर, दुपारी २
साहेबांचा मेसेज: तुमच्या दुःखात सहभागी आहोत, पाच वाजता सगळे भेटायला येतो. देवा! फोन केला, उचलत नाहीत. सासूबाईंना तातडीने त्यांच्या घरी, उरणला पोचवावं. सुनीता म्हणते, डॉक्टरांनी आठ दिवस प्रवास बंद सांगितलाय. मग पाच वाजता मी बाथरूममध्ये. हा प्लॅन पक्का.

संध्याकाळी ७
दार सासूबाईंनी उघडलं. त्यांना वाटलं, डोळा बघायला आलेत. सगळ्यांना बसवून ऑपरेशन पहिल्यापासून सांगितलं. साहेबांनी पांढरी फुलं पाठीमागे धरली होती म्हणे. सुशांतने तोंड उघडलं आणि सगळं बाहेर पडलं. मीही पडलो, बाथरूममधून.

सासूबाईंनी विचारलं, जावई, माझ्या नावावर किती दिवसांची सुट्टी घेतली? मी म्हटलं, तीन. त्या म्हणाल्या, तीनच? रडतील अशी भीती वाटली. रडल्या नाहीत. डॉक्टरांनी रडायला मना केलंय. मला फार वाईट वाटलं. साहेबांना त्याहून जास्त वाटलं असावं, उद्यापासून सक्तीची रजा, बिनपगारी.

१८ नोव्हेंबर, सकाळी
ॲप उडवलं. सासूबाईंनी उरणला न्यायची भरलेली पिशवी रिकामी करून कपडे कपाटात लावले. म्हणाल्या, मी मेलीच हाय ना? मंग तेरावा झाल्याबिगर जायाची नाय.

सुनीताने कॅलेंडरवर २८ तारखेला खूण केलीय. पंगतीला उरणची चाळीस माणसं. स्वयंपाक मी करायचा. पहिलं ताट सासूबाईंचं.